माळ उतरवली ते पान

॥ श्री ॥
घाटकोपर, १२ नोव्हेंबर १९८६

चि. कुंडलिक यास,
अनेक आशीर्वाद. एका वर्षात तीन पुरस्कार, पेपरात फोटो, यंदाचं साल तुझंच म्हणतात. देवापुढे साखर ठेवली. मग पुस्तक वाचलं आणि ती साखर वाटायची राहिली.

सासूबाई माळकरी, मासळी वर्ज्य. जाण्याआधी दोन दिवस त्यांनी बांगड्याचं तिखलं मागितलं. मी त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ उतरवून देव्हाऱ्यात ठेवली, त्यांना भरवलं, चूळ भरायला लावून माळ परत घातली. घरात कुणाला ठाऊक नव्हतं. फक्त तुला लिहिलं, मन हलकं करायला. आणि तू ते छापलंस! सुगंधा वन्सं दारात उभ्या राहून सगळ्या चाळीला ऐकवून गेल्या, की मी त्यांच्या आईला मरताना बाटवलं. ह्यांनी चार दिवस माझ्या हातचं पाणी घेतलेलं नाही.

दुसऱ्या आवृत्तीतून ते पान काढ. मोठी बहीण म्हणून सांगते, विनवत नाही.
तुझी ताई,
शेवंती

बोरिवली, १७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. किती गं चिडतेस! नावं बदललीत, चाळ बदलली. परीक्षकांना तेच पान सर्वात आवडलं. म्हातारी घास तोंडात धरून पश्चात्तापाने रडते, तिथे म्हणे सगळे गलबलले. ते काढलं तर पुस्तकात उरतं काय? रामनाथभावोजींचा राग निवळेल. तीस तारखेला मुलुंडला सत्कार आहे, ओवाळायला तूच हवीस. हिरवी साडी नेस. रागव, पण लोभ आटू देऊ नकोस.
तुझा,
कुंडलिक

॥ श्री ॥
घाटकोपर, २१ नोव्हेंबर

चि. कुंडलिक,
आशीर्वाद, कारण हात सवयीने लिहितो.

रडल्या? सासूबाई रडल्या? अरे, बोटं चाटली त्यांनी! काटा स्वतः काढला नि आणखी एक तुकडा आहे का गं, म्हणून विचारलं. हेही मी तुला लिहिलं होतं. तुला रडकी म्हातारी हवी होती, म्हणून माझ्या सासूला रडवलंस. मी माळ उतरवली त्याचं देवाला काय ते सांगेन. तू हे कुणाला सांगणार?

काल ह्यांनी तुझं पुस्तक मिटलं नि इतक्या दिवसांनी तोंड उघडलं. बाटवलंस का, असं नाही विचारलं. आई आवडीनं जेवली का, एवढंच विचारलं. मी खरं ते सांगितलं. दुसऱ्या तुकड्याचंही.

त्यावर हे काय बोलले, ते तुला कधीच कळणार नाही.

ओवाळायला त्या रडक्या म्हातारीलाच बोलाव. माझी सगळी पत्रं परत पाठव. ती आली की लोभाचं बघू.
शेवंती