मोसंबीच्या बाटलीवरची मोठी ओळ

६ एप्रिल, टेंभुर्णी
मोसंबी सरबताची नवी खेप भरली. आमच्या दोघींच्या धंद्यात चव बघायचं काम शमीमभाभीचं. घोटभर घेतलं अन् छाती घरघरायला लागली. दमा आहेच तिला, पण एवढा? पंपानं उतरेना. जीप करून जाफराबादला नेलं. वाटभर तीच माझा हात थोपटून राह्यल्ती.

७ एप्रिल
बरी आहे. डॉ. म्हणाले, सरबत टिकायला पावडर टाकता, तिचं असू शकतं. नक्की सांगता येत न्हाई. ठरल्या मापात बहुतेकांना चालते, दम्याच्या काहींना सोसत न्हाई.
भाभी : "मागच्या टायमालाबी झाल्तं गं. मी उन्हावर ढकललं."

१५ एप्रिल
पावडरीशिवाय थोड्या बाटल्या भरून पाह्यल्या. फसफसल्या. एकीचं बूच उडालं, भिंतभर रस. मला रडू आलं. भाभी फडकं घेऊन पुसायला लागली. म्हणे, "पावडर दुश्मन न्हाई. पण ज्याला सोसत न्हाई त्याला कळायला पायजे. बाटलीवर लिहू. मोठ्या अक्षरात."

१८ एप्रिल
जालन्याचे शेठ आल्ते. बहुतेक माल तेच उचलतात.
"बारीक अक्षरात पावडरीचा नंबर छापलाय की. बराबर आहे कायद्यानं."
भाभी : "नंबर कोणाला समजतो, शेठजी? मला समजला का?"
"दमा हा शब्द वाचला की गिऱ्हाईक पळतंय. असं छापणार असाल तर मला विचार करावा लागेल."
"करा. चहा घेऊन जा."
ती कपात साखर हलवून राह्यल्ती. एवढी हिंमत कुठून आणते...

२३ एप्रिल
छापून आलं : 'दमा असेल तर हे सरबत पिऊ नका.' पावडर आता मी मिसळते. भाभी तेवढा वेळ बाहेर अंगणात.

२६ एप्रिल
जाफराबादच्या स्टँडजवळ दोघीच बाटल्या घेऊन बसलो. एका बाईनं बाटली उचलली, ओळ वाचली, ठेवून दिली. "सासऱ्याला नेत होते. दमेकरी हायेत. बरं झालं लिवलं." गेली.
गिऱ्हाईक गेलं अन् भाभीचा चेहरा असा, जसा सगळा माल खपला. मी बघतच राह्यले तिच्याकडं.
शेठचा फोन अजून न्हाई. उद्याची मोसंबी सांगावी का न्हाई, दोघींनाबी कळेना. ती म्हणे, सांग.