चाळीस नंबरची सर्दी

४ मार्च
आमच्या संशोधनाला चाळीस निरोगी म्हातारी माणसं हवीत. एकोणचाळीस मिळाली. शेवटी बाबांना गळ घातली. नुसती वासाची परीक्षा, सुई टोचत नाही म्हटलं. "परीक्षा? चौथीनंतर दिली नाही मी," म्हणाले. पण लगेच तयार झाले! एरवी दवाखाना म्हटलं की त्यांना सतरा कामं निघतात.

६ मार्च
बाबा इस्त्रीचा शर्ट घालून हजर. बारा पट्ट्या – एकेक हुंगायची आणि चार नावांतलं एक सांगायचं. लिंबू, कॉफी, साबण… बारापैकी चारच बरोबर. टर्पेंटाइनची पट्टी हुंगून म्हणाले, "गुलाब." जन्मभर सुतारकाम केलं, पॉलिश करण्यात हयात गेली, आणि टर्पेंटाइन म्हणे गुलाब! मला हसू आलं. तेही हसले. मध्ये एकदा शिंकले.
निघताना विचारलं, "झालो का पास?"
"कळवते," म्हटलं.

७ मार्च
कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, पुष्कळ रोग्यांचं नाक आधी जातं, हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी. आमचं अख्खं संशोधन त्यावर उभं आहे. निरोगी गट आणि रोगी गट वेगळे दिसायला हवेत, आणि निरोग्यांत बाबांचे चार गुण म्हणजे मिठाचा खडा.
फॉर्मवर एक चौकट असते – 'आज सर्दी आहे का?' ती भरायची राहिली होती. शिंकले होते की एकदा. 'हो'वर खूण केली. सर्दीवाल्याचे गुण धरत नाहीत, नियमच आहे तसा. चाळीस नंबर बाद.
प्रमुख बाई खूश. "आकडे कसे स्वच्छ आले बघ," म्हणाल्या.

८ मार्च
बाबांना कळवायचं राहिलंच.

१९ मे
बाबांनी दूध करपवलं. घरभर वास, आणि हे गॅसपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेले! नाक आहे की खुंटी, असं मी बोलून गेले. वर आत्याला फोनवर सांगितलं, दुकान बंद केल्यापासून फार आळसावलेत. त्यांनी ऐकलं असणार. दार उघडंच होतं.

२० मे
ती चौकट आठवते अधूनमधून. असेलही सर्दी.

११ ऑक्टोबर
भाजी घेऊन परत येत होतो. पिशव्या माझ्याकडे, म्हणून मी मागे. बाबांचा डावा हात चालताना हलत होता. उजवा अंगाला शिवून टाकल्यासारखा. अशी चाल मी रोज कामावर पडद्यावर बघते, मोजते, तक्त्यात भरते. आणि घरात रोज समोरून जाणारा माणूस दिसला नाही मला. लाज वाटते.

१४ ऑक्टोबर
मेंदूच्या डॉक्टरांनी बोटं आपटायला लावली, मनगट फिरवून पाहिलं. कंपवातच. हात थरथरत नसला तरी. बाबा खुर्चीच्या हातावर अंगठा फिरवत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "सागवान नाही ते. नुसता रंग दिलाय."
मला हसता आलं नाही.

१५ ऑक्टोबर
बाईंना सगळं सांगितलं. सर्दी नव्हती, मी विचारलंच नव्हतं, खूण माझी. त्यांनी चाळीस नंबरचा फॉर्म काढून पाहिला. मग म्हणाल्या, छापायला पाठवलेला निबंध परत मागवायचा, तक्ता नव्याने मांडायचा. उठताना जरा मऊ झाल्या – "चार गुणांवरून कुणी निदान करत नाही. आणि लवकर कळूनही रोग थांबला नसता."
खरं आहे. पण डॉक्टरांना दाखवलं तरी असतं. रोग म्हणून कळलं असतं. मी आळस म्हणत राहिले, तेही त्यांच्या कानावर जाईल असं.

१७ ऑक्टोबर
बाबांपाशी कबूल केलं. मी रडलेच. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दुकान त्यापायीच बंद केलं ना. रंधा मारला तरी लाकडाचा वास येईना. कुणाला विचारावं कळत नव्हतं, तेवढ्यात तू बोलावलंस. म्हटलं बरं झालं, घरच्या माणसालाच कळेल. पुढे तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, झालो पास."