आधी समोरच्याची बाजू

बाबा, परवा आपल्या मराठी मंडळाची निवडणूक आहे आणि अध्यक्षपदाला मी उभी आहे. हसू नका. तुमच्या वेळचा तमाशा आठवतोय, म्हणून तर तुम्हालाच विचारतेय.

नोकरीत होतात तोवर भोपाळमध्ये तुम्ही कुणाचेच नव्हतात. फौजदारी न्यायाधीश. आज ज्याच्याकडे जेवलो त्याचा भाचा उद्या पिंजऱ्यात उभा राहील, म्हणून लग्न नाही, मुंज नाही, मंडळाचा गणपतीसुद्धा लांबूनच. आनंद नगरच्या आपल्या स्वयंपाकघरात मात्र रोज कोर्ट भरायचं. आई पोळ्या लाटतेय, माझं नि दादाचं भांडण पेटलंय आणि तुमचा नियम एकच: आधी दादाची बाजू तू सांग. "अशी सांग, की त्याला वाटलं पाहिजे, अरे, मला हेच म्हणायचं होतं." मी रडत रडत सांगायचे आणि सांगता सांगता भांडणातली हवाच निघून जायची. अस्सा राग यायचा तुमचा! अजूनही येतो.

निवृत्त झालात आणि मंडळाच्या वाचनालयात बसायला लागलात, खिडकीजवळच्या त्या खुर्चीत. साठी उलटलेला माणूस पहिल्यांदाच मित्र जोडतोय, हे बघायला मजा यायची. त्या मित्रांनीच तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवून अध्यक्षपदाला उभं केलं. समोर होते कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियरकाका. त्यांना मंडळाचं सभागृह लग्नकार्यांना भाड्यानं द्यायचं होतं, तुम्हाला ते नको होतं. सभेत तुम्ही उभे राहिलात आणि सवयीनं आधी काकांचीच बाजू मांडू लागलात. गळकं छप्पर, विजेचं बिल, आपल्याच पोरींच्या लग्नात हॉलसाठी होणारी वणवण. काकांना स्वतःला सुचली नव्हती एवढी कारणं! तुमची बाजू येईस्तोवर लोक चहाकडे वळले होते. सपशेल पडलात. काका येऊन म्हणाले, "जजसाहेब, आपने तो हमारी ही वकालत कर दी!" घरी आईनं कपाळावर हात मारला, "अहो, मतं मागायला गेला होतात की निकाल वाचायला?" तुम्ही मात्र मजेत श्रीखंड मागून घेतलंत. हरलेला माणूस इतका खूश कसा, हे कोडं मला तेव्हापासून पडलंय.

आता एम. पी. नगरच्या एका कोचिंगवाल्याला वाचनालयाची खोली हवी आहे. माझ्या विरोधात उभा असलेला तरुण वकील म्हणतो, देऊन टाका. तुमची खुर्ची अजून तिथंच आहे, बाबा. तिथं गेलं की तुमची फार आठवण येते. खोली मुळीच देणार नाही, असं मी घरोघरी सांगत फिरतेय. काल ओट्यापाशी भाषण लिहायला बसले, तर लेक म्हणाली, "आई, सीधी बात कर ना, तुझं काय ते बोल." बरोबर आहे तिचं. पण हाताला तुमचंच वळण. पहिलं पान सगळं त्या वकिलाचं झालं: पुस्तकांना वाळवी लागलीय, वाचायला येतं कोण, आणि मंडीदीपच्या कारखान्यांतल्या कामगारांची पोरं निदान तिथं बसून शिकतील तरी.

हे पत्र टाकू तरी कुठं? राहील इथंच, ओट्यावरच्या डब्यामागे. एक कबूल करते, बाहेर बोलायची सोय नाही म्हणून. ते पान मी पुन्हा वाचलं आणि मलाच वाटायला लागलं, खोली देऊन टाकावी. खरं सांगा बाबा, त्या दिवशी तुम्ही तुमचं मत काकांनाच दिलंत ना?