बाप्टिस्टचा हात

२९ एप्रिल १९९०, रविवार

हात वर केलाच नाही मेल्यानं! मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. उरलेल्या स्वित्झर्लंडात बायका कधीच्या मत देतात; इथं आपेनझेलच्या चौकातल्या सभेत मात्र सगळे पुरुष मताच्या हक्काची खूण म्हणून कमरेला तलवारी लावून उभे, आणि आम्ही बायका वर खिडकीत. "बायकांना मताचा हक्क द्यावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावा!" थोडे झाले वर. माझ्या नवऱ्याचे, बाप्टिस्टचे, दोन्ही हात पोटावर! सकाळी मात्र, "हेदविग, तू काळजीच करू नकोस."

ठराव पडला. शेजारी उभ्या सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. कशाला हवीय ती भानगड?"

३० एप्रिल

आधी म्हणाला, खांदा आखडला होता. मग खरं बाहेर पडलं – "अगं, आई वरून बघत होती!"

बेचाळीस वर्षांचा माणूस. तलवारीसकट!

१ मे

"ज्याला जेवायचंय त्यानं हात वर करावा," मी टेबलाशी म्हटलं. दोघी मुलींचे लगेच वर. याचाही.

"बरा झाला वाटतं खांदा!"

सासूबाईंनी रुमाल तोंडावर धरला. खोकल्या म्हणे.

२० ऑगस्ट

शाळेची बस बंद. मुली पाऊण तास चालणार, बर्फातसुद्धा. ठरवलं पुरुषांनी, पाच मिनिटांत.

काही बायकांनी देशाच्या सर्वोच्च कोर्टात दावा लावलाय. आज मीही सही करून आले. घरी सांगितलं नाही.

२७ नोव्हेंबर

जिंकलो!! कोर्ट म्हणतं, बायकांनाही मत द्यायलाच हवं.

बाप्टिस्ट माझ्याहून खूश. "सुटलो! आता मला हात वर करायला नको."

सासूबाई भडकल्या. "त्या कोर्टातल्या साहेबांना गाईची धार कुठून काढायची ते तरी ठाऊक आहे का?"

२८ एप्रिल १९९१, रविवार

"मी नाही येणार," म्हणाल्या सासूबाई. दारात मात्र बूट चमकवून तयार. "तुम्ही दोघं काहीतरी चुकीचं कराल, म्हणून येते."

चौकात तिघं एका रांगेत. बाप्टिस्टनं कशाला तरी हात वर केला, तर सासूबाईंनी बाही ओढून खाली घेतला!

माझा हात पहिल्यांदा वर गेला. डोळे भरून आले. ठराव कशाचा? एका पुलाच्या दुरुस्तीचा. रडले मी, पुलासाठी!

५ मे, रविवार

आमच्या तालुक्याची सभा. पंचांची एक जागा रिकामी होती. नाव गर्दीतूनच पुकारायचं असतं. मागून खणखणीत आवाज – "हेदविग!"

वळून पाहिलं. सासूबाई!

भराभर हात वर झाले. निवडून आले. इथं निवडलेल्याला नाही म्हणताच येत नाही, कायदाच आहे तसा.

"आई, माझं नाव का घेतलंत?"

"पंधरा वर्षं माझ्या घरात राहून स्वतःचंच खरं केलंस, आणि मला वाटत राहिलं की माझं चाललंय. तिथं अशीच बाई लागते."