तिकिटावर माझा पत्ता

६ ऑक्टोबर, सोमवार
वही जूनमध्ये घेतली, लिहायला आज बसलोय. मधले महिने काय लिहायचं हे ठरवण्यात गेले. आता रोज लिहिणार.
इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी पद्माकरकाका यांनी हॉस्पिसच्या मदतीची दिवाळी रॅफल, म्हणजे बक्षिसांची सोडत, माझ्याकडे सोपवली. म्हणाले, हे बघ नकुल, आधी पालिकेत, कौन्सिलमध्ये, रजिस्ट्रेशन, मगच तिकिटं. कार्डिफचा कोर्स अर्धा सोडलास, हे तरी पुरं कर. यातला रजिस्ट्रेशनचा भाग महत्त्वाचा, कोर्सचा सोडून दिला.

९ ऑक्टोबर
रजिस्ट्रेशनचा फॉर्म उघडला. पहिलाच प्रश्न: संस्थेचं उद्दिष्ट काय? खोल प्रश्न. विचार करायला बसमध्ये बसलो, हीथ्रोला उतरलो. चार तास विमानं पाहिली. फॉर्म उद्या.

१३ ऑक्टोबर
तिकिटं छापली. प्रमोटरचा, म्हणजे रॅफल चालवणाऱ्याचा, नाव-पत्ता छापावाच लागतो. काय सुंदर नियम! हाउन्सलोत येऊन आठ महिने झाले, रूमवर कोणी आलं नाही. येणार कसं, पत्ता कुठे माहीत होता? आता तीनशे तिकिटांवर आहे.
कौन्सिलचं नावही लागतं. तेही छापलं. रजिस्ट्रेशन काय, उद्या होईलच.
येताना दुकानातून रूमवर दुसरा कप आणला.

१८ ऑक्टोबर, शनिवार
सगळी तिकिटं खपली! मंडळातल्या वीणाकाकूंनी दहा घेतली. मंडळातल्याच अनुयाने पत्ता वाचला. म्हणाली, अय्या, चिकन शॉपच्या वर राहतोस? येईन की कधीतरी.
आवाजावरून याच आठवड्यात.

२२ ऑक्टोबर
रूम झाडली. बेल वाजली. खालच्यांचं पार्सल.
काकांचा मेसेज: रजिस्ट्रेशन नंबर पाठव. प्रोसेसमध्ये आहे, असं कळवलं. खोटं नाही. प्रोसेस माझ्या डोक्यात चालू आहे.

२७ ऑक्टोबर
काकांनी स्वतः कौन्सिलला फोन केला. आपलं नावच नाही तिथे. रॅफल रद्द, पैसे परत. म्हणाले, मी चिडलो नाही रे. चिडले असते तर बरं झालं असतं.
मी सुचवलं, पैसे न्यायला सगळ्यांनी माझ्याकडे यावं, पत्ता आहेच. काका म्हणाले नको, शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमात हॉलवर देऊ. तू पैशांचं पाकीट माझ्या दाराच्या फटीतून आत टाक. कार्यक्रमाला नाही आलास तरी चालेल.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी ११
काकांच्या दारातून पाकीट टाकून आलो. आतून टीव्हीचा आवाज येत होता.
फॉर्म भरायला घेतला. पहिल्याच प्रश्नावर बेल वाजली. पार्सल नाही, अनुयाही नाही. कौन्सिलच्या लायसन्सिंग खात्याच्या बाई आहेत, हातात माझं तिकीट. पत्ता लगेच सापडला म्हणाल्या.
बसा म्हटलं. बसल्या. दुसरा कप धुतोय.