अरुणची मूठ

जळगाव, शनिवार, श्रावण, १९६८

अरुण दुपारच्या गाडीने मुंबईला गेला. तिथून विलायतेला. उद्या घरात कानबाई देवी बसणार आणि पोरगा नाही.

पुण्याला विद्यापीठात परदेशी जाणाऱ्या मुलांचा वर्ग होता. चारचौघांत कसं उभं राहायचं, कसं बोलायचं, आपली संस्कृती तिकडच्यांना कशी सांगायची, सगळं शिकवलं. परवा मी कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादासाठी, गहू काढत होते, तर समोर उभं राहून त्याने मला तिथे बसवलेलं भाषणच म्हणून दाखवलं. "खानदेशातले हे लोक घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात."

हे लोक! माझ्या हातात तेव्हा त्याच्याच नावाची मूठ होती.

बोलला मात्र छान, कुठे अडखळला नाही. मग मला रडू का आलं? मी विचारलं, "आणि जो घरी नसेल, त्याची मूठ?"

तो म्हणाला, "ते वर्गात नव्हतं, आई."

वाटलं, ती मूठ परत पोत्यात टाकावी. आबा, माझे सासरे, ओट्यावरून ऐकत होते. "त्यानी मूठ राहू दे," आबा म्हणाले, "पोऱ्या घरनाच शे."

घरचाच तो, म्हणून राहू दिली. आज दळण झालं. सगळ्यांचं पीठ एक झालं, आता त्याचं वेगळं काढू म्हटलं तरी निघायचं नाही. आणि रोट बाहेर कुणाला देत नाहीत, पुनवेच्या आत घरच्यांनीच संपवायचा.

म्हणजे त्याच्या वाट्याचा घास मलाच गिळायचा आहे.