गार्डाचा ब्रेक

निफाड, २८ सप्टेंबर १९९९

ती. बाबांस,
साधनाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. बागेत द्राक्षांची छाटणी सुरू झाली आहे, त्यामुळे मनोज घरी फक्त जेवणापुरते दिसतात. सासूबाईंनी कोजागरीला माझं डोहाळजेवण ठरवलं आहे. माहेरची साडी घेऊन आई आली असती. आता तुम्ही यायचं, आणि गाडी घेऊन यायचं. आई गेल्यापासून तुम्ही उंबरा ओलांडलेला नाही, हे शेजारच्या चिमणाबाई मला फोनवर सांगतात. माहेरचं कुणी समोर नसेल तर मी पाटावर बसणार नाही, असं मी इथे सांगून टाकलंय.

लोभ आहेच, तो गाडीत घालून आणा.
तुमची साधना

* * *

इगतपुरी, ३ ऑक्टोबर १९९९

चि. सौ. साधनास, अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. मी तयार आहे, पण गाडी तयार नाही. पावसाळाभर शेडमध्ये उभी राहून तिची मागची चाकं जाम झाली. इथली हवा तुला माहीतच आहे, चार महिने काडेपेटी पेटत नाही. चंदर मिस्त्री म्हणाला, ब्रेकचे लायनर ड्रमला गंजून चिकटलेत, पुढच्या चकत्यांवरही तांबेरा चढलाय.

मी रोज दुपारी तिच्यात जाऊन बसतो. धुकं उतरलं की काचेपलीकडे काहीच उरत नाही. घाटात मालगाडी लागली की जमीन थरथरते आणि वाटतं, आपणच निघालो. बोगदे येतात, जातात, कुठलंसं स्टेशन लागतं, त्याच्या पाटीवर नाव नसतं. मग डोळा लागतो. म्हाताऱ्याला एवढा प्रवास पुष्कळ झाला.

मनोजरावांस आशीर्वाद. बाळंतिणीसारखी वागू नकोस, अजून अवकाश आहे.
तुझा, बाबा

* * *

निफाड, ९ ऑक्टोबर १९९९

ती. बाबांस, सा. न.

मी रागावले आहे, म्हणून आज मायना आखूड. मनोज म्हणाले, ड्रमवर लाकडी हातोडीचे चार टोले घातले की चिकटलेला ब्रेक सुटतो, आणि हे चंदरला ठाऊक नसेल असं होणार नाही. चिमणाबाईंना विचारलं. चंदर दोनदा हातोडी घेऊन आला आणि दोन्ही वेळा तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलंत! शिवाय खिशात रेल्वेचा पास असलेल्या माणसाने गाडीचं कारण सांगावं? दुसरं काहीही सांगा, पण मला फसवू नका. मला गाडी नको, तुम्ही हवेत. यायचं नसेल तर तसं लिहा. मी रडेन आणि गप्प बसेन.

तुमचीच, साधना

* * *

इगतपुरी, १८ ऑक्टोबर १९९९

चि. सौ. साधनास, अनेक आशीर्वाद.

तुझं खरं आहे. चंदरला मीच हात लावू दिला नाही.

एकतीस वर्षं मी घाटात इंजिन चालवलं, मागे गार्ड नाही तर गाडी नाही. ती सवय घरीही आली. गाडी घेतल्यापासून मी ड्रायव्हर आणि तुझी आई गार्ड. दारात पोचलो की हॅंडब्रेक ओढायचं काम तिचं, मी तो कधी ओढला नाही. जूनमध्ये नाशिकहून डॉक्टरांना दाखवून परतलो. हातात जोर नव्हता, तरी तिनं दोन्ही हातांनी ब्रेक ओढला आणि म्हणाली, आता कुठं जायचं नाय. आठव्या दिवशी ती गेली. तो ब्रेक सोडायचा माझा धीर झाला नाही, पोरी. त्यापेक्षा चाकांतला गंज मला बरा वाटत होता.

काल चंदरला स्वतः बोलावलं. आधी मी ब्रेक खाली केला, मग त्यानं टोले घातले. तिसऱ्या टोल्याला दुसरं चाकही सुटलं, गाडी वीतभर सरकली आणि मी चंदरसमोरच रडलो. त्या बिचाऱ्याला वाटलं, माझ्या पायावरून चाक गेलं.

रविवारी सकाळी निघतो. साडी चिमणाबाईंनी निवडली आहे, रंग आवडला नाही तर मला बोलू नकोस. सासूबाईंस नमस्कार.

या गाडीला आता गार्ड नाही. तुझ्या दारात आलो की पायानं ब्रेक दाबून बसून राहीन. सगळ्यांना बाजूला ठेवून तू ये, शेजारी बस आणि हॅंडब्रेक ओढ. सावकाश ओढ, घाई नाही. तोवर मी उतरत नाही.

तुझा, बाबा